‘आमची ऋणे आम्हास सोड’ म्हणताना

आमच्या घरी रात्री ताटं वाढण्याआधी प्रभूची प्रार्थना होते. मुलं, हे आणि मी, सगळे एका सुरात. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ इथपर्यंत धाकट्याचा आवाज सगळ्यांत मोठा असतो, कारण भाकर समोरच असते. पुढची ओळ तो पुटपुटत उरकतो: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हास सोड.’ आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, या ठिकाणी पाप किंवा अपराध हा शब्द नाही, ऋण आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या गावात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तरीही लग्नानंतर आठ वर्षं मी रोज ही ओळ म्हणत होते आणि आमच्या घरावर नेमकं किती ऋण आहे हे मला ठाऊक नव्हतं. शेजारी शेजारी बसून आम्ही दोघं देवाला जे सांगत होतो, ते एकमेकांना सांगत नव्हतो.

‘ख्रिस्ती पत्नीने पतीला साथ कशी द्यावी’ यावर मी आजवर कितीतरी संदेश ऐकले. महिला मंडळात ऐकले, लग्नाच्या उपासनेत ऐकले, उन्हाळ्याच्या शिबिरात ऐकले. सांगणं बहुतेक ठरलेलं असतं. गोड बोला, घर नीटनेटकं ठेवा, उलट उत्तर देऊ नका, पतीसाठी गुडघ्यावर राहा. यातलं काहीही खोटं नाही. वखरून, फवारून, उन्हात भाजून आलेल्या माणसाला तांब्याभर पाणी आणि दोन बरे शब्द मिळाले तर त्याचा जीव थाऱ्यावर येतो, हे मी रोज पाहते. प्रार्थनेनं घर उभं राहतं हेही मी पाहिलं आहे. पण विदर्भाच्या खेड्यात, कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या ख्रिस्ती घरात, पत्नीची पहिली साथ म्हणजे घराचा पूर्ण हिशेब माहीत असणं आणि तो माहीत करून घेण्याचा आग्रह धरणं, असं माझं ठाम मत झालं आहे. गप्प राहण्याला साथ म्हणणं आता थांबवलं पाहिजे.

हे मत मला अनुभवाने आलं. तो अनुभव आधी सांगते.

२०१७ चं साल आमच्याकडे कोणी विसरणार नाही. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी आतून पोखरली आणि फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात माणसं गेली. आमचे हे मात्र बाहेरून ठीक दिसत होते. जेवण कमी झालं होतं, बोलणं त्याहून कमी. रानडुकरं येतात म्हणून जागलीला जातो म्हणायचे, पण त्या दिवसांत वावरात राखण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. एक दिवस त्यांचा फवारणीचा शर्ट वेगळ्या बादलीत धुवायला घेतला. खिसा तपासायचा राहिला. पाण्यातून एक चिठ्ठी वर आली, कृषी केंद्राची, उधारीची. शाई पसरली होती. पुढचे आकडे वाचता येत नव्हते, मागची तीन शून्यं तेवढी शाबूत होती.

मी ती चिठ्ठी चुलीजवळ वाळवली आणि संध्याकाळी विचारलं. “तुले काय करा लागते? मी हाओ ना,” एवढंच उत्तर आलं. मी पुढे बोलले नाही. बोलले नाही, कारण मला तसंच शिकवलं होतं. पती हे मस्तक आहे, मस्तकाला प्रश्न विचारायचे नसतात. उलट आपण उलटून बोललो नाही म्हणून त्या रात्री मला बरंसुद्धा वाटलं. ते बरं वाटणं आज आठवलं की अंगावर काटा येतो.

पंधरा-वीस दिवसांनी पहाटे जाग आली तर हे अंथरुणात नव्हते. मागच्या खोलीच्या दाराशी बसले होते. काही करत नव्हते, नुसते बसले होते. त्या खोलीत फवारणीचे डबे असायचे. मी कंदील घेतला नाही, हाक मारली नाही, जाऊन शेजारी बसले. उजाडलं, चहा झाला, मुलं शाळेत गेली. मग म्हटलं, “आपलं कर्ज किती हाये ते देवाले मालूम हाये. मलेच नाई.” त्यावर ते रडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

चार ठिकाणचं देणं निघालं. सोसायटीचं पीककर्ज थकलं होतं, म्हणून नवं मिळालं नव्हतं. नवं मिळालं नाही म्हणून बियाणं, खत, औषध सगळं कृषी केंद्रातून उधारीवर, रोखीपेक्षा चढ्या भावानं. ती उधारी थोडी तरी उतरावी म्हणून एका नातेवाइकाकडून हातउसने. आणि माझ्या मंगळसूत्रातले चार मणी, जे दुरुस्तीला दिलेत असं मला सांगितलं होतं. एकूण दोन लाख साठ हजार. मग माझी पाळी आली. मीही झाकून ठेवलं होतं. बायांच्या गटातून एका फायनान्सचे अठरा हजार मी उचलले होते, मोठीच्या शाळेसाठी आणि माहेरच्या एका लग्नासाठी. आठवड्याचा हप्ता वेचणीच्या मजुरीतून भरत होते आणि मजुरी कमी मिळाली असं घरी सांगत होते. एकाच घरात आम्ही दोघंही एकमेकांना जपायचं म्हणून खोटं बोलत होतो. जपणं खरं होतं, म्हणूनच ते खोटं इतकी वर्षं टिकलं.

इथे कोणी म्हणेल, हे शेतीचं झालं, यात ख्रिस्तीपण कुठे आलं? माझ्या मते सगळं तिथेच आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो की मनुष्याने एकटं असणं बरं नाही, आणि त्याला अनुरूप असा साहाय्यक करायचं ठरवतो. मूळ इब्री भाषेत तिथे ‘एझेर’ हा शब्द आहे. आपण तो वाचतो आणि मदतनीस समजतो, हाताखालची बाई समजतो. पण जुन्या करारात हाच शब्द बहुतेक वेळा खुद्द देवासाठी येतो. एकशे एकविसाव्या स्तोत्रात डोंगराकडे डोळे लावून माणूस विचारतो की मला साहाय्य कुठून येईल, आणि आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या परमेश्वराकडून ते येईल असं उत्तर मिळतं, तिथे हाच शब्द. आता देव आपल्याला साहाय्य करतो तेव्हा तो आपली स्थिती न जाणता करतो का? ज्याला मदत करायची त्याच्या पायाखालची जमीन कुठे खचली आहे हे माहीत नसेल तर हात कुठे द्यायचा? जिला काही सांगितलं जात नाही ती साहाय्यक होऊच शकत नाही. ती फार तर घरातली कामकरी होते.

(पंडिता रमाबाईंची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. मूळ भाषा शिकून त्यांनी एकटीनं संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये पुरं छापून निघालं. मराठी बाईनं शास्त्र स्वतः वाचून अर्थ लावू नये असं ज्यांना वाटतं, त्यांना फार उशीर झाला आहे.)

अधीनतेचं वचन मी टाळत नाही. इफिसच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्त्रियांनी पतीच्या अधीन असावं असं लिहिलं आहे. पण संदेश देणारे बाविसाव्या वचनापासून वाचायला घेतात. एकविसावं वचन म्हणतं की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. पंचविसावं वचन पतीला सांगतं की ख्रिस्तानं मंडळीसाठी, म्हणजे आपल्या विश्वासणाऱ्यांसाठी, स्वतःला दिलं तशी प्रीती कर. त्याच ख्रिस्तानं शिष्यांना सांगितलं होतं की मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो, कारण धनी काय करतो ते दासाला ठाऊक नसतं आणि मी पित्याकडून जे ऐकलं ते सगळं तुम्हाला कळवलं. योहानाच्या पंधराव्या अध्यायातलं हे वचन लग्नाच्या उपासनेत मी एकदाही ऐकलेलं नाही. मस्तक व्हायचं तर असं, जे सगळं कळवतं.

आणि अबीगईल, नाबालाची बायको. पहिल्या शमुवेलाचा पंचविसावा अध्याय आमच्या मंडळात मी दोनदा वाचून दाखवला. नाबाल हा मोठा कळपवाला, मेंढरं कातरायचे दिवस, आणि तो पुढे राजा झालेल्या दावीदाच्या माणसांचा अपमान करून त्यांना रिकाम्या हाती परत पाठवतो. दावीद चारशे माणसं घेऊन घर नष्ट करायला निघतो. घरातला गडी ही बातमी नाबालाला सांगत नाही, अबीगईलेला सांगतो, कारण ती ऐकून घेते हे त्याला माहीत आहे. ती दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं, हुरडा, खिसमिसाचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादते आणि निघते. घरात काय किती आहे हे तिला तोंडपाठ होतं, म्हणून घडीभरात एवढं सगळं निघालं. आपल्याकडच्या किती बायांना कोठारात किती क्विंटल सोयाबीन आहे आणि त्यातलं किती कोणाच्या देण्यात आधीच गेलं आहे, हे सांगता येईल?

तिची दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ती परत येते तेव्हा नाबाल मेजवानीत पिऊन धुंद असतो. ती सकाळपर्यंत एक शब्द बोलत नाही. नशा उतरल्यावर सगळं सांगते, काहीही न लपवता. कोणती वेळ बोलण्याची हे तिला कळत होतं. आमच्याकडे बाया नेमक्या त्या वेळी विचारतात जेव्हा माणूस जिनिंगवरून कापूसविक्रीची पट्टी घेऊन, पडता भाव ऐकून आलेला असतो, आणि तेही शेजारणीसमोर. मग तो उखडतो आणि प्रश्न कायमचा मरतो. आम्ही रविवारची संध्याकाळ ठरवली आहे. प्रार्थनेनंतर, मुलं अंगणात असताना, लोखंडी पेटीतून दोन वह्या निघतात, एक यांची आणि एक माझी. अर्धा तास. भांडण झालं तर वह्या मिटतात आणि बुधवारी परत उघडतात.

हिशेब कळल्यानं कर्ज फिटत नाही, हे मान्य. आमचं अजून पुरतं फिटलेलं नाही. पण काही गोष्टी लगेच बदलतात. कृषी केंद्रात यांच्यासोबत मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं उधारीची वही आमच्याकडे फिरवली. इतकी वर्षं तो नुसता आकडा तोंडी सांगत होता. दोन नोंदी दुबार निघाल्या. दिवाळीच्या तोंडावर गावातच खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावानं कापूस घालायचा की सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नंबर लावून थांबायचं, हे आता दोघं मिळून ठरवतो, कारण किती दिवस तग धरता येईल ते दोघांनाही माहीत असतं. पीककर्ज मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज लागत नाही. ती मुदत आमच्या घरात आता माझ्या लक्षात असते. आणि फवारणीच्या डब्यांना कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे असते. यांनीच ती माझ्या हातात दिली.

सासरे सांगायचे, २००८ च्या कर्जमाफीत पाच एकरांची अट होती. आमची कोरडवाहू आठ एकर, म्हणून पूर्ण माफी नाही. पंचाहत्तर टक्के भरा तर पंचवीस टक्के सूट. ओलिताच्या चार एकरवाल्याचं सगळं माफ झालं. सरकारी धोरणाची जी चूक आहे ती चूकच आहे, बायकोनं वही ठेवली म्हणून ती पुसली जात नाही. भाव, पाणी, विमा यासाठी भांडावंच लागेल. मी शेतकऱ्याच्या दुःखाचं खापर घरातल्या बोलण्यावर फोडत नाही. पण संकट बाहेरून येतं तेव्हा आतला माणूस एकटा आहे की दोघं आहेत, यावर पुष्कळ अवलंबून असतं. १९ मार्च १९८६ ला आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पवनारला पत्नी मालती आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्या दिवसाच्या आठवणीत आज लोक अन्नत्याग करतात. मी त्या दिवशी मालतीबाईंचा विचार करते. कर्ज कागदावर एकट्या पुरुषाच्या नावाचं असतं, भोगताना कधीच तसं नसतं.

एक आक्षेप मला खरंच विचारात पाडतो. मंडळातली एक तरुण सून म्हणाली, “काकू, निंदण आम्ही करतो, वेचणी आम्ही करतो, सैपाक आम्ही करतो. आता त्यायचं टेन्शनबी आमीच घ्याव काय?” तिचं चुकीचं नाही. जाणून घेतल्यावर पहिले दोन महिने मला झोप नव्हती. पण तिला मी हेच सांगितलं की टेन्शन तू आजही घेतेसच, फक्त त्याचं कारण तुला माहीत नाही. आणि उद्या त्याला काही झालं तर पहिल्याच आठवड्यात दारात येणारे लोक तुला आकडे सांगतील आणि तुझ्याकडे ते खोटे आहेत हे दाखवायला कागद नसेल. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणारी एक लाखाची सरकारी मदतसुद्धा कर्ज आणि वसुलीचा तगादा दाखवता आला तरच मिळते. किती विधवा ‘अपात्र’ ठरल्या त्या कशामुळे, हे गावागावांत विचारून पाहा.

कायद्याचंही तसंच. आपल्या ख्रिस्ती बायांना वाटतं की जमिनीत आपलं काही नाही. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आपल्याला लागू आहे. पतीनं मृत्युपत्र केलं नसेल आणि मुलं असतील तर पत्नीचा वाटा एक तृतीयांश, उरलेलं मुलगे आणि मुली यांना सारखं. पण त्यासाठी पती जाण्याची वाट का पाहायची? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना जिवंतपणी बायकोच्या नावावर जमीन करायला लावलं होतं, आणि त्यात विदर्भातलेही शेतकरी होते. प्रीतीवर रोज प्रवचन ऐकणाऱ्या आपल्या मंडळ्यांत सातबाऱ्यावर बायकोचं नाव किती घरांत आहे?

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण माझं बोलणं कोणी चुकीच्या घरात वापरू नये. जिथे माणूस मारतो, दारूत घर बुडवतो, तिथे पत्नीनं अजून समजून घ्यावं, अजून प्रार्थना करावी, असं सांगणं पाप आहे. पहिल्या पेत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं सातवं वचन नवऱ्यांना बजावतं की पत्नीला मान द्या, नाही तर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या छळाच्या कारणावर घटस्फोट मागता येत नव्हता; ते कलम बदलायला २००१ साल उजाडलं. कायदा बदलला, २००५ मध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदाही आला, पण काही पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, अजून जुन्याच कलमावर अडले आहेत. नवऱ्याचे वळ पदरानं झाकणं ही साथ नाही. तिथे साथ द्यायची ती मंडळीनं, आणि ती त्या बाईला.

बाकीच्या घरांसाठी मंडळीकडून मला फार मोठं काही नको. लग्नाआधी पाळकसाहेब जोडप्याला दोन-तीनदा बसवून समजावतात. त्यात एक बैठक अशी असावी की दोन्हीकडचं देणंघेणं कागदावर लिहून समोर ठेवायचं, मुलीकडच्यांनी लग्नासाठी काढलेलं कर्जसुद्धा. कापणीच्या सणाला आपण ज्वारीची कणसं, भोपळे, कापसाची बोंडं वेदीपुढे ठेवतो. त्या आठवड्यात कोणाचा हंगाम बुडाला हेही पाळकांनी घरोघरी जाऊन विचारावं. आणि पुरुषांच्या सभेत कोणीतरी मोठ्यानं म्हणावं की बायकोला कर्ज सांगणारा माणूस नामर्द नसतो. हे बायांनी सांगून उपयोग नाही, ते पुरुषांनीच पुरुषांना सांगावं लागेल. ज्याचं मन फारच खचलं आहे त्याच्यासाठी टेली मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, तो देवळाच्या दारावर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

यंदा मृगाच्या आधी आमच्या महिला मंडळात मी प्रत्येकीला घरातून एक वही आणायला सांगितली होती. अकरा जणी आल्या. नऊ जणींच्या वहीत काही ना काही लिहिलेलं होतं, एकीचं तर मुलीनं सुबक तक्ता करून दिला होता. दहावी म्हणाली, हे सांगतात पण लिहू देत नाहीत. अकरावीची वही नवीकोरी होती, पहिल्या पानावर नुसती तारीख. तिचा नवरा महिन्याभरापासून रात्री वावरातच राहतो. पाळकसाहेब आधी त्याच्याशी बोलणार आहेत. बुधवारी बाजार असतो, म्हणून आम्ही दोघी-तिघी गुरुवारी तिच्या घरी जायचं ठरवलं आहे, हे सोबत येणार आहेत.